लोकपालाकडे तक्रार गेली, आता निकालापर्यंत काय करायचं?

तक्रारीचा नंबर हातात पडला की बरेच जण कागदांची पिशवी कपाटात टाकतात आणि 'आता साहेब बघतील' म्हणून कामाला लागतात. देवगड भागात मी लोकांना असे अर्ज भरून देतो. पैसे परत मिळण्यासारखी प्रकरणंसुद्धा या मधल्या काळात हातची गेलेली मी पाहिली आहेत. कुणी ईमेल उघडला नाही, कुणी बँकेच्या फोनवर नुसतं 'हो हो' म्हटलं, कुणी मधेच दुसरीकडे केस टाकली.

खात्यातून ऑनलाइन पैसे गेले, बँकेने 'चूक तुमचीच' म्हणून हात वर केले आणि वाद रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) गेला, अशांसाठी हे लिहितोय. उदाहरण एकाच माणसाचं घेतो. आमच्या वाडीतले एक आंबा बागायतदार काका. मे महिना, पेट्या भरायची घाई, आणि व्हॉट्सअॅपवर वाहतूक चलानाच्या नावाने एक एपीके फाइल (फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल) आली. त्यांनी ती उघडली. दुपारी २.१२ ला ४८,००० गेले, २.१४ ला ४९,५०० गेले. २.३१ ला त्यांनी बँकेच्या हेल्पलाइनला कळवलं. तरी २.५१ ला आणखी ३७,००० गेले. बँकेचं म्हणणं एवढंच, की ओटीपी वापरून व्यवहार झाले म्हणजे तुम्हीच ओटीपी दिलात. काका आजही सांगतात, "माका ओटीपी इलोच नाय."

## आधी एक तपासणी: दार बरोबर आहे का?

चुकीच्या दारात थांबून राहिलात तर सगळी वाट फुकट जाते. रिझर्व्ह बँकेची २०२१ची एकात्मिक लोकपाल योजना व्यापारी बँका, बऱ्याच बिगरबँक वित्तसंस्था, वॉलेट कंपन्या आणि नागरी सहकारी बँकांना लागू झाली. नागरी बँक शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीतली) नसेल तर तिच्या ठेवी ५० कोटी किंवा त्याहून जास्त असाव्या लागतात. जिल्हा मध्यवर्ती आणि राज्य सहकारी बँका १ नोव्हेंबर २०२५ पासून यात आल्या. कोकणात निम्म्या गावाचं खातं जिल्हा बँकेत असतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पतसंस्था यात येत नाहीत. तिथली तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे जाते. पोस्टाच्या बचत खात्याची तक्रार डाक विभागाकडे, विम्याची विमा लोकपालाकडे, शेअर बाजारातली सेबीकडे.

तपासा: पासबुकाच्या पहिल्या पानावरचं संस्थेचं पूर्ण नाव वाचा. लोक पतसंस्थेलाही 'बँक'च म्हणतात.

## टप्पा १: तारखांचा कागद

एक कोरा फुलस्केप घ्या आणि त्यावर मिनिटांसकट तारखा लिहा. वकिली भाषेतल्या चार पानी अर्जापेक्षा या एका कागदाला मी जास्त मानतो.

कागदावर या गोष्टी हव्यात: प्रत्येक व्यवहार, त्याचा एसएमएस कधी आला, हेल्पलाइनला फोन कधी लावला आणि किती वेळ बोललात, बँकेकडून तक्रार क्रमांक कधी आला, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार कधी नोंदली, शाखेत लेखी अर्ज कधी दिला, बँकेचं उत्तर कधी आलं.

या तारखांवर पैसे ठरतात, म्हणून एवढा आग्रह. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकातून, आणि सहकारी बँकांसाठी तशाच १४ डिसेंबर २०१७च्या परिपत्रकातून, हे नियम आले. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, गडबड तिसरीकडेच झाली, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर जबाबदारी मर्यादित. साध्या बचत खात्याला ती एका व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० आणि मूलभूत बचत खात्याला ५,०००. सात दिवस उलटले की बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे. बँकेचाच हलगर्जीपणा असेल तर तुम्ही कळवलं की नाही हा प्रश्नच उरत नाही, जबाबदारी शून्यच.

तुमच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, म्हणजे पिन किंवा ओटीपी तुम्ही दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे गेलं ते बँकेचं. काकांचे ३७,००० या एका वाक्यावर उभे होते. त्यांनी २.३१ ला कळवलं, पैसे २.५१ ला गेले. एपीके उघडली हा त्यांचा दोष धरला तरी या रकमेला तो लागत नाही.

दिवस मोजताना लोक चुकतात. बँकेचा संदेश आला तो दिवस धरायचा नाही, आणि तुमच्या मूळ शाखेचे कामकाजाचे दिवसच मोजायचे. गणपतीची सुट्टी, दुसरा-चौथा शनिवार आणि रविवार वजा होतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पैसे गेले आणि चार दिवसांनी कळवलं, तरी तुम्ही तीन दिवसांच्या आत असू शकता. कॅलेंडर समोर ठेवून मोजा.

सावध: फोनमधली कॉलची जुनी यादी आपोआप पुसली जाते. आजच स्क्रीनशॉट काढा. फोन दुरुस्तीला द्यायचा किंवा फॉरमॅट करायचा असेल तर त्याआधी काढा. काकांच्या पुतण्याने 'व्हायरस जाऊ दे' म्हणून फोन साफ करायला घेतला होता. २.३१ चा कॉल दाखवणारी नोंद थोडक्यात वाचली.

## टप्पा २: तक्रार टाकताना पुढच्या वाटेची सोय

आधी बँकेकडे लेखी तक्रार, मग लोकपाल. हा क्रम मोडला की तक्रार टिकत नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर पुढे जायचं. २०२१च्या योजनेत त्यासाठी उत्तर मिळाल्यापासून एक वर्ष आणि उत्तर न आल्यास बँकेकडे तक्रार केल्यापासून एक वर्ष ३० दिवस अशी मुदत होती. योजनेचे नियम बदलत असतात, म्हणून भरण्याच्या दिवशी पोर्टलवर मुदत ताडून घ्या. मुदत कितीही असली तरी दोन महिन्यांच्या आत टाका.

तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार नोंदवायच्या पोर्टलवर टाकता येते. कागदावर लिहून चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्राकडे पोस्टानेही पाठवता येते, आणि ती मराठीत चालते. फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. वकिलामार्फत तक्रार चालत नाही, पण मुलगा, पुतणी किंवा शेजारी यांना प्रतिनिधी म्हणून नेमता येतं. मुंबईतला मुलगाच सगळं पाहणार असेल तर पहिल्याच दिवशी त्याचं अधिकारपत्र जोडा.

मागणी तोडून लिहा. काकांची अशी लिहिली: पहिली ४८,०००, दुसरी ४९,५००, तिसरी (कळवल्यानंतरची) ३७,०००, आणि हेलपाटे व मनस्तापाची भरपाई वेगळी. २०२१च्या योजनेत मनस्तापासाठी जास्तीत जास्त १ लाख आणि त्या चुकीमुळे पुढे झालेल्या नुकसानीसाठी २० लाखांपर्यंत भरपाईची तरतूद होती. सगळ्याची एकच मोठी रक्कम लिहिली की मजबूत मुद्दा कच्च्या मुद्द्याबरोबर बुडतो.

खरं लिहा. लिंक उघडली असेल तर उघडली असं लिहा. बँकेकडे सर्व्हरच्या नोंदी असतात. तुमची एक गोष्ट खोटी ठरली की तुमच्या खऱ्या दहा गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. दापोलीकडच्या एका घरगुती निवासवाल्या ताईंना बुकिंग करणाऱ्याने 'पैसे परत घ्यायला' क्यूआर कोड पाठवला आणि त्यांनी स्वतः यूपीआय पिन टाकला. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, की मूळ रक्कम मिळणं कठीण आहे. कळवल्यानंतर बँकेने काय केलं, किती वेळ लावला, तेवढ्यावर भर देऊया. खोटी आशा लावून वर्षभर वाट पाहायला लावणं मला जमत नाही.

## टप्पा ३: पहिले काही आठवडे

योजनेप्रमाणे बँकेला साधारण १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यावं लागतं, आणि ती मुदत वाढवून मिळू शकते. बँकेने काहीच दिलं नाही तर लोकपाल समोर असलेल्या कागदांवर निर्णय देऊ शकतो. निकाल अमुक दिवसांत लागलाच पाहिजे असं मात्र नाही. काही महिने जातील असं धरून चाला.

या दिवसांतलं तुमचं काम छोटं आहे, पण दर आठवड्याचं:

१. नोंदवलेला ईमेल आणि त्याचा स्पॅमचा कप्पा उघडा. आमच्याकडे पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जातात. तेव्हा बाजारपेठेत गेलात की तेवढं बघून या.

२. पोर्टलवर तक्रार क्रमांक टाकून स्थिती पाहा आणि तारखेसह वहीत लिहा.

३. मोबाइल नंबर चालू ठेवा. रिचार्ज संपून नंबर बंद पडला तर पुढचा संदेश कुठे येणार?

४. ईमेल मुलाच्या नावावर असेल तर त्याला आठवड्याचा ठरलेला वार सांगून ठेवा. 'बघेन कधीतरी' यावर राहू नका.

बँकेने तात्पुरती रक्कम जमा केली असेल तर ती खर्चू नका. २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत अशी जमा व्हायला हवी, पण निकाल विरोधात गेला तर ती परत वळती होऊ शकते. आणि खातं बंद करू नका. रागाने बंद करणारे बरेच भेटतात.

## टप्पा ४: बँकेचं म्हणणं हातात आलं की

प्रकरण इथेच फिरतं. बँकेच्या लेखी उत्तरातला तुमच्याशी संबंधित भाग लोकपालाकडून तुम्हाला मिळतो आणि त्यावर उत्तर द्यायला वेळ दिला जातो. लोक ते उत्तर वाचतात, चिडतात, आणि गप्प बसतात. गप्प राहिलात की बँकेचं म्हणणं तसंच उभं राहतं.

काकांच्या प्रकरणात बँकेचं उत्तर दोन पानांचं होतं. पहिल्या पानावर तेच, ओटीपीने व्यवहार झाले. दुसऱ्या पानावर एक ओळ होती: 'ग्राहकाने दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेत तक्रार नोंदवली.' मी ती ओळ तीनदा वाचली. २.३१ चा फोन त्यांनी धरलाच नव्हता. शाखेतला अर्ज हीच पहिली सूचना धरली होती, आणि त्यामुळे तिसरा व्यवहार 'कळवण्याआधीचा' झाला होता.

उत्तर एका पानात दिलं. त्यातला मुख्य भाग असा:

'बँकेच्या उत्तरातील सूचनेची तारीख चुकीची आहे. मी त्याच दिवशी दुपारी २.३१ वाजता बँकेच्या हेल्पलाइनला कळवले. सोबत कॉलच्या नोंदीचा स्क्रीनशॉट आणि २.४० वाजता बँकेकडून आलेला तक्रार क्रमांकाचा एसएमएस जोडला आहे. २.५१ चा ३७,००० रुपयांचा व्यवहार त्यानंतरचा आहे. त्या कॉलची ध्वनिफीत बँकेने सादर करावी.'

तुम्ही उत्तर लिहाल तेव्हा हे मागा:

* प्रत्येक ओटीपी आणि व्यवहाराचा संदेश कोणत्या नंबरवर, किती वाजता पोचला याची नोंद. संदेश पोचल्याची तारीख-वेळ आणि ग्राहकाचा प्रतिसाद नोंदवणारी यंत्रणा बँकेने ठेवावी, असं त्याच परिपत्रकात आहे.
* व्यवहार कोणत्या उपकरणावरून झाला, ते उपकरण कधी जोडलं गेलं.
* कळवल्यानंतर खातं किंवा नेट बँकिंग किती वाजता बंद केलं.

ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, हेही परिपत्रकात स्पष्ट आहे. 'ओटीपी वापरला गेला' आणि 'ग्राहकाने ओटीपी दिला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एपीकेमधला प्रोग्राम एसएमएस वाचून परस्पर पुढे पाठवतो, आणि माणसाला संदेश आलेला दिसतही नाही. सिम अचानक बंद पडलं असेल तर नवं सिम कधी दिलं गेलं याचं पत्र मोबाइल कंपनीकडून मिळवा. नुसतं 'रेंज नव्हती' म्हणून भागत नाही.

सावध: पन्नास पानं जोडू नका. लोकपालाची पद्धत थोडक्यात निवाडा करण्याची आहे, साक्षी-उलटतपासणीची नाही. फार गुंतागुंतीचा पुरावा तपासावा लागेल असं दिसलं तर तेवढ्या कारणावरून तक्रार बंद होऊ शकते. सहा-सात कागद, प्रत्येकावर क्रमांक, आणि उत्तरात त्या क्रमांकाचा उल्लेख. पुरे.

सावध: उत्तर त्याच तक्रारीत, त्याच क्रमांकाने द्या. नवी तक्रार टाकलीत तर ती 'आधीच दाखल' म्हणून बंद होईल आणि मूळ तक्रारीत तुमचं उत्तर आलंच नाही असं दिसेल.

## टप्पा ५: समेटाचा फोन

एक दिवस बँकेतून फोन येतो. माणूस गोड बोलतो. "काका, तुमचं काम झालं, एवढे जमा करतो, ठीक आहे ना?"

थांबा. योजनेप्रमाणे तक्रारदाराने निराकरण समाधानकारक असल्याचं लेखी किंवा अन्य प्रकारे मान्य केलं की तक्रार सुटली असं धरता येतं, आणि ते 'अन्य प्रकारे' म्हणजे रेकॉर्ड केलेला फोनही असू शकतो. आपल्याकडे मोठ्या माणसाला 'हो साहेब, हो' म्हणायची सवय असते. नुसती मान तुकवल्यासारखं म्हटलेलं 'हो' इथे सहीइतकं महाग पडतं.

काकांना मी एक वाक्य पाठ करून दिलं होतं, आणि फोन आला तेव्हा ते बागेत, झाडावरून उतरून, तेवढंच बोलले: "तुमचा प्रस्ताव लेखी पाठवा. कोणत्या व्यवहाराचे पैसे आणि बाकीचं काय, ते लिहा. तोपर्यंत माझी तक्रार चालू आहे." प्रस्ताव ३७,००० चाच होता, आणि त्यात 'संपूर्ण व अंतिम' असे शब्द होते. ते मान्य केले असते तर उरलेले ९७,५०० तिथेच मिटले असते.

लोकपाल कार्यालय दोन्ही बाजूंची बैठकही लावू शकतं. तिथे जे ठरेल त्याचं इतिवृत्त होतं आणि सही लागते. रक्कम, तारीख आणि 'अंतिम' हा शब्द वाचल्याशिवाय सही नको. चष्मा विसरला असेल तर वाचून दाखवा म्हणा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तडजोड करूच नका असं मी म्हणत नाही. तुमच्या हातून ओटीपी गेला असेल आणि बँक निम्मे देत असेल तर मी घ्या म्हणेन. फक्त काय घेतलं आणि काय सोडलं ते कळून घ्या.

## टप्पा ६: वाट पाहताना काय करू नये

ग्राहक आयोगात समांतर केस नको. तोच वाद न्यायालय, लवाद किंवा आयोगापुढे गेला की लोकपालाकडची तक्रार टिकत नाही. पण ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत लोकपालाकडे थांबल्यामुळे आपोआप वाढत नाही. वहीत ती तारीख लाल पेनाने लिहा, आणि मुदतीला चार महिने उरले असताना वकिलाला विचारा.

पोलिसांतली तक्रार मागे घेऊ नका. 'गुन्हा नोंदवलात तर लोकपाल ऐकणार नाही' असं काही जण सांगतात. ते चूक आहे. पोलिस तपास किंवा फौजदारी खटला लोकपालाच्या आड येत नाही. १९३० मुळे चोराच्या खात्यात काही रक्कम अडकली असेल तर ती सोडवण्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज करता येतो. तिथून काही मिळालं तर मात्र लोकपालाला लगेच कळवा. एकाच रकमेची दोनदा मागणी राहू देऊ नका.

'रिझर्व्ह बँकेतून बोलतोय' या फोनला भुलू नका. फसलेल्या माणसांची यादी चोरांकडे फिरते. 'तुमची फाइल मंजूर झाली, प्रोसेसिंगचे ४,९९९ भरा' असा फोन आला की तो चोर समजा. या योजनेत कोणत्याही टप्प्यावर पैसे भरावे लागत नाहीत, आणि पैसे परत करायला कुणालाही तुमचा ओटीपी लागत नाही. शंका आली तर फोन ठेवून स्वतः १४४४८ लावा.

## टप्पा ७: निकाल आल्यावरचे ३० दिवस

निवाडा तुमच्या बाजूने लागला तरी काम बाकी असतं. निवाड्याची प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत तुम्ही स्वीकृतीपत्र, म्हणजे निवाडा मान्य असल्याचं पत्र, बँकेला द्यायचं असतं. दिलं नाही तर निवाडा निष्फळ होतो. जिंकलेले पैसे एवढ्यासाठी जाणं मला सगळ्यात जास्त लागतं. स्वीकृतीपत्र शाखेत द्या, पोच घ्या, आणि पोचेचा फोटो काढा. ते मिळाल्यापासून बँकेला पूर्ततेसाठी ३० दिवस असतात.

निवाडा अपुरा वाटला तर स्वीकृतीपत्र देण्याआधी विचार करा, कारण ते 'संपूर्ण व अंतिम' असतं. अपिलालाही ३० दिवसच असतात आणि ते रिझर्व्ह बँकेच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जातं. दोन्ही मुदती एकदमच धावतात, म्हणून पहिल्या आठवड्यातच ठरवा. तक्रार बंद झाल्याचं पत्र आलं असेल तर त्यात कोणतं कलम लिहिलंय ते पाहा. बंद झालेल्या प्रत्येक तक्रारीवर अपील नसतं. तक्रार मुळात नियमात बसत नाही म्हणून बंद झाली असेल, उदाहरणार्थ बँकेकडे आधी गेलाच नव्हतात, तर अपील नाही. चूक दुरुस्त करून मुदतीत नव्याने तक्रार करायची.

रक्कम जमा झाल्याचा एसएमएस आला की शाखेत जाऊन पासबुक भरून घ्या. आकडा निवाड्याप्रमाणे आहे का ते पाहा. मग परत मिळालेली रक्कम मूळ व्यवहाराच्या तारखेपासून मोजली आहे का, म्हणजे मधल्या महिन्यांचं व्याज बुडालं नाही ना, हे काउंटरवरच विचारा. फरक असेल तर तिथेच लेखी अर्ज द्या आणि त्यावर जुना तक्रार क्रमांक टाका.